वेळेवर सल्ला, विश्वासार्ह सेवा : कंटेनरमधील कार्य-नियोजक सर्व्हरची उभारणी

कृषी सल्ल्याचे मूल्य त्यातील शास्त्रावर जितके अवलंबून असते, तितकेच तो शेतकऱ्यापर्यंत कोणत्या वेळी पोहोचतो यावरही अवलंबून असते. ‘दुपारनंतर पावसाची शक्यता असल्याने आज फवारणी टाळावी’ हा संदेश पंप भरण्यापूर्वी मिळाला, तर औषध, मजुरी आणि पाणी वाचते. तोच संदेश फवारणी आटोपल्यावर मिळाला, तर तो अचूक असूनही निरुपयोगी ठरतो. मॅन्कोझेबसारखे स्पर्शजन्य बुरशीनाशक पानांच्या पृष्ठभागावर राहून काम करते; ते वाळण्यापूर्वी पाऊस आला की धुऊन जाते आणि खर्च वाया जातो. बटाट्यावरील उशिरा येणाऱ्या करप्यासारख्या रोगात तर प्रतिबंधक फवारणी रोगाची लागण होण्यापूर्वी झाली तरच तिचा पुरेसा उपयोग होतो.

अशा सल्ल्यांमागे आज बरीच संगणकीय कामे असतात. हवामान केंद्रावरील नोंदी गोळा करणे, त्यांची तपासणी करणे, पिकाची पाण्याची गरज काढणे, रोगाच्या अनुकूलतेचे अनुमान बांधणे आणि शेवटी संदेश पाठवणे, ही कामे दररोज ठरलेल्या वेळी व ठरलेल्या क्रमाने व्हावी लागतात. ती एका व्यक्तीच्या लक्षात राहण्यावर सोडली, तर सुट्टीच्या दिवशी किंवा बदलीनंतर सेवा खंडित होते. ही जबाबदारी जो संगणकीय कार्यक्रम पार पाडतो, त्याला कार्य-नियोजक सर्व्हर म्हणतात. तो कंटेनर या स्वतंत्र कप्प्यात चालवण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. ही पद्धत सोयीची आहे. परंतु तिच्या काही सवयी नीट समजून घेतल्या नाहीत तर सेवा कोणताही आवाज न करता बंद पडते. त्या सवयींचा परिचय कृषी विज्ञान केंद्रे, शेतकरी उत्पादक कंपन्या व विस्तार कार्यकर्त्यांना व्हावा, हा या लेखाचा उद्देश आहे.

कार्य-नियोजक सर्व्हर म्हणजे काय?

ठरलेल्या वेळी काम सुरू करणारी ‘क्रॉन’ नावाची सोय युनिक्स प्रणालीत जुनी आहे; १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही ती होती. अमुक मिनिटाला, अमुक तासाला, अमुक वारी अमुक काम करावे, अशी एक ओळ लिहिली की क्रॉन ते काम सुरू करतो. एका संगणकावर दोन-तीन सुटी कामे असतील तर आजही क्रॉन पुरेसा आहे; त्यासाठी मोठी यंत्रणा उभारण्याचे कारण नाही.

कामे वाढली आणि एकमेकांवर अवलंबून राहू लागली की अडचण सुरू होते. क्रॉनला फक्त घड्याळ कळते. पावणेनऊचे काम फसले तरी सव्वानऊचे काम तो सुरू करतोच, आणि कालच्याच आकड्यांवर आजचा सल्ला तयार होतो. कार्य-नियोजक सर्व्हर मात्र मुकादमासारखा असतो. आधीचे काम पुरे झाल्याखेरीज तो पुढचे देत नाही, प्रत्येक कामाची हजेरी मांडतो, कोणते काम किती वेळ चालले ते लिहून ठेवतो आणि काम फसल्यास जबाबदार व्यक्तीला कळवतो. रनडेक, अपाचे एअरफ्लो आणि जेन्किन्स ही मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर या कामासाठी वापरली जातात. या लेखात रनडेकचे उदाहरण घेतले आहे. तथापि येथील बहुतेक सूचना इतर नियोजकांनाही लागू पडतात.

मुकादम स्वतः कुदळ हाती घेत नाही, ही गोष्टही येथे महत्त्वाची आहे. नियोजकाने कामे सोपवावीत. प्रत्यक्ष गणिते शक्यतो दुसऱ्या कंटेनरमध्ये किंवा दुसऱ्या संगणकावर व्हावीत. रनडेक हे सुरक्षित दूरजोडणीद्वारे करू शकतो. सर्व गणिते नियोजकाच्याच कप्प्यात कोंबली, तर त्यांना लागणारी पायथॉन किंवा आर यांसारखी साधने तेथे नसतात. ती घातली तर पुढे प्रत्येक अद्ययावतीकरण अवघड होते.

कंटेनर कशासाठी?

कोणतेही सॉफ्टवेअर एकटे चालत नाही. त्याला विशिष्ट आवृत्तीची जावा, विशिष्ट ग्रंथालये आणि विशिष्ट मांडणी लागते. एकाच संगणकावर दोन सॉफ्टवेअरना एकाच साधनाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या लागल्या की एक दुरुस्त करताना दुसरे बिघडते. कंटेनर ही अडचण दूर करतो. सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारे सर्व साहित्य एका कप्प्यात बंद केलेले असते. हा कप्पा मूळ संगणकाच्या प्रणालीचा गाभा वापरतो. परंतु त्याच्या फाइली, त्याच्या प्रक्रिया आणि त्याचे जाळे इतरांपासून वेगळे राहते. आभासी संगणकाप्रमाणे त्यात संपूर्ण कार्यप्रणाली नसल्याने तो हलका असतो आणि लवकर सुरू होतो. २०१३ मध्ये ‘डॉकर’ प्रसिद्ध झाल्यानंतर ही पद्धत सर्वसामान्य वापरात आली.

येथे दोन संज्ञांतील भेद लक्षात घ्यावा. ‘इमेज’ म्हणजे बियाणे आणि ‘कंटेनर’ म्हणजे त्यापासून उगवलेले रोप. एका इमेजपासून हवे तितके कंटेनर तयार करता येतात आणि इमेज स्वतः बदलत नाही. शेतकरी जसा बियाण्याच्या पिशवीवरील वाण व लॉट क्रमांक पाहूनच खरेदी करतो, तशी इमेजही निश्चित आवृत्ती-क्रमांकासह घ्यावी. ‘लेटेस्ट’ या नावाने मिळणारी इमेज आज एक आणि सहा महिन्यांनी दुसरीच असू शकते. बिघाड झाला तर नेमके काय पेरले होते हेच अशा वेळी सांगता येत नाही.

उदाहरणादाखल एक रचना

एखाद्या कृषी विज्ञान केंद्राकडे एक स्वयंचलित हवामान केंद्र आणि सल्ला घेणाऱ्या शेतकऱ्यांची यादी आहे, असे समजावे. त्याच्या नियोजकाचे वेळापत्रक असे असू शकते :

• पहाटे ५.०० : हवामानाचा उपलब्ध पूर्वानुमान उतरवून घेणे.
• सकाळी ६.०० : पाऊस व वाऱ्याच्या पूर्वानुमानानुसार फवारणीविषयक संदेश पाठवणे.
• सकाळी ८.४५ : हवामान केंद्रावरील २४ तासांच्या नोंदी गोळा करणे.
• त्यानंतर : नोंदींची तपासणी, पिकाच्या पाण्याच्या गरजेचे गणित आणि ठिबक सिंचनाचा संदेश, या क्रमाने.
• मंगळवारी व शुक्रवारी सायंकाळी : तज्ज्ञांनी मंजूर केलेली कृषी हवामान सल्ला पत्रिका पाठवणे.
• रात्री ११.०० : सर्व नोंदींची सुरक्षित प्रत घेणे.

यातील ८.४५ ही वेळ सहज निवडलेली नाही. भारतात दैनंदिन पर्जन्यमानाची नोंद सकाळी ८.३० वाजता, मागील २४ तासांसाठी घेतली जाते. त्यापूर्वी काम सुरू झाले तर आजच्या पावसाऐवजी अपुरा आकडा हाती येतो. नोंदींच्या तपासणीनंतरची कामे घड्याळाच्या वेळेवर न ठेवता साखळीत ठेवली आहेत. तपासणी यशस्वी झाली तरच पुढचे काम सुरू होते.

पाण्याच्या गरजेच्या गणितात चूक किती महाग पडते, हे एका आकड्यावरून स्पष्ट होते. एका हेक्टरवर १ मिमी पाणी म्हणजे १० घनमीटर. पिकाची दिवसाची गरज ५ मिमी असेल तर हेक्टरी ५० घनमीटर, म्हणजे ५०,००० लिटर पाणी होते. एका दिवसाची पावसाची नोंद चुकून गळली, तर इतके पाणी आणि ते उपसण्याची वीज विनाकारण खर्च होऊ शकते. शिमला येथील केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या ‘इंडो-ब्लाइटकास्ट’सारख्या रोग-पूर्वानुमान पद्धतीही रोजच्या तापमान व आर्द्रतेच्या नोंदींवरच आधारलेल्या आहेत. नोंदींच्या साखळीतील एक कडी तुटली की तिच्यावर आधारलेले अनुमान डळमळते.

या रचनेसाठी किमान दोन कंटेनर लागतात : एक नियोजकाचा व एक डेटाबेसचा. रनडेकसोबत एच-टू नावाचा छोटा अंतर्गत डेटाबेस मिळतो. तो केवळ ओळख करून घेण्यापुरता ठीक आहे. प्रत्यक्ष सेवेसाठी पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल वापरावा. दोन्ही कंटेनरची मांडणी ‘कंपोज’ नावाच्या एकाच मजकूर-फाइलमध्ये लिहिता येते. ही फाइल जपून ठेवली तर नव्या संगणकावर तीच रचना पुन्हा उभी करता येते. नियोजक डेटाबेसनंतर सुरू व्हावा एवढे लिहिणे मात्र पुरेसे नाही. डेटाबेस सुरू होणे आणि तो विनंत्या स्वीकारण्यास सज्ज होणे यांत काही सेकंदांचे अंतर असते. त्यासाठी सज्जतेची तपासणी मांडणीत लिहावी व ती यशस्वी झाल्यावरच नियोजक सुरू करावा.

रनडेकला स्वतःचा बाहेरून दिसणारा पत्ताही मांडणीतच सांगावा लागतो. तो सांगितला नाही, तर दुसऱ्या संगणकावरून प्रवेश करणाऱ्या व्यक्तीला सर्व्हर चुकीच्या, स्थानिक पत्त्याकडे वळवतो आणि सर्व काही चालू असूनही पान उघडत नाही.

पहिली काळजी : घड्याळ

कंटेनरला स्वतंत्र घड्याळ नसते. तो मूळ संगणकाचेच घड्याळ पाहतो. म्हणून मूळ संगणकाची वेळ जाळ्यावरील प्रमाण वेळेशी सतत जुळवलेली असावी. परंतु वेळ वाचण्याचे कालक्षेत्र प्रत्येक कंटेनरचे वेगळे असू शकते, आणि वेगळे काही सांगितले नसेल तर बहुतेक इमेज जागतिक समन्वित वेळ वापरतात. भारतीय प्रमाण वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. सकाळी ६.०० साठी लावलेला फवारणीचा संदेश अशा कंटेनरमधून ११.३० वाजता निघतो. नोंदवहीत मात्र काम ‘६.०० वाजता, यशस्वी’ असेच दिसते.

काही ठिकाणी यावर उपाय म्हणून वेळेतून साडेपाच तास वजा केले जातात. हा उपाय धोक्याचा आहे. मंगळवारी पहाटे ५.०० म्हणजे जागतिक वेळेनुसार सोमवारी रात्री ११.३०. वेळ बदलली पण वार बदलायचा राहिला, तर मंगळवारचे काम बुधवारी पहाटे होते. शिवाय काम योग्य क्षणी सुरू झाले तरी आतील कार्यक्रमाने ‘आजची तारीख’ विचारली की त्याला सोमवारची तारीख मिळते, आणि मंगळवारचा पूर्वानुमान सोमवारच्या नावाने साठवला जातो. पहाटे ५.३० पूर्वी चालणाऱ्या प्रत्येक कामाला हा धोका आहे.

योग्य मार्ग असा : प्रत्येक कंटेनर सुरू करताना ‘आशिया/कोलकाता’ हे कालक्षेत्र स्पष्टपणे द्यावे. रनडेकमध्ये प्रत्येक कामाच्या वेळापत्रकातही कालक्षेत्र नोंदवता येते. तेथेही ते लिहावे. केवळ नियोजकाचे कालक्षेत्र बदलून भागत नाही. काम ज्या कंटेनरमध्ये होते त्याचे कालक्षेत्रही तपासावे. आकाराने लहान असलेल्या काही इमेजमध्ये कालक्षेत्रांची माहितीच समाविष्ट नसते. अशा वेळी दिलेली सूचना कोणतीही तक्रार न करता दुर्लक्षिली जाते. म्हणून मांडणी झाल्यावर प्रत्येक कंटेनरमध्ये तारीख व वेळ विचारून ती मनगटी घड्याळाशी पडताळून पाहावी. ही एका मिनिटाची तपासणी पुढील अनेक चुका टाळते.

दुसरी काळजी : नोंदी कप्प्याबाहेर ठेवणे

कंटेनरच्या आत लिहिलेली माहिती तो कंटेनर असेपर्यंतच टिकते. तो थांबवून पुन्हा सुरू केला तर माहिती जागेवर असते. परंतु तो काढून टाकला की आतील सर्व काही नाहीसे होते. नवी आवृत्ती बसवणे याचा अर्थच जुना कंटेनर काढून नव्या इमेजपासून दुसरा तयार करणे असा आहे. त्यामुळे ही चूक पहिले काही महिने लक्षात येत नाही. वीज गेली व आली, संगणक बंद झाला व सुरू झाला, तरी सर्व सुरळीत दिसते. पहिल्या अद्ययावतीकरणाच्या दिवशी मात्र वेळापत्रके, हजेरी आणि संदेशांची नोंद एकाच वेळी हरवते.

यासाठी डेटाबेसच्या फाइली व रनडेकची माहिती कंटेनरबाहेरील कायमस्वरूपी साठ्यात ठेवावी. डॉकरमध्ये या साठ्याला ‘व्हॉल्यूम’ म्हणतात. रोप बदलले तरी जमीन तीच राहते, तसा हा साठा नव्या कंटेनरला जोडता येतो. साठ्याऐवजी मूळ संगणकावरील फोल्डर जोडला असेल, तर त्यात लिहिण्याचा अधिकार कंटेनरमधील वापरकर्त्याला आहे का, हे पाहावे. हा अधिकार नसल्याने सर्व्हर सुरूच न होणे ही नेहमीची अडचण आहे.

साठा बाहेर ठेवणे म्हणजे सुरक्षित प्रत घेणे नव्हे. डिस्क बिघडली तर दोन्ही जातात. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या नकलून घेतल्यास ती प्रत उघडेलच याची खात्री नसते. डेटाबेससोबत येणाऱ्या निर्यात साधनानेच प्रत घ्यावी व ती दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. नवी आवृत्ती सुरू होताना डेटाबेसची अंतर्गत रचना बदलू शकते आणि त्यानंतर जुन्या आवृत्तीकडे परतणे नेहमी शक्य नसते. म्हणून अद्ययावतीकरणापूर्वीची प्रत अनिवार्य समजावी. बियाण्याची उगवणक्षमता जशी पेरणीपूर्वी तपासतात, तशी सुरक्षित प्रतही गरज पडण्यापूर्वी वेगळ्या संगणकावर उघडून पाहावी.

तिसरी काळजी : खंड आणि पुनरावृत्ती

ग्रामीण भागात वीजपुरवठा खंडित होणे नवे नाही. डॉकरमध्ये कंटेनरचे पुनरारंभ धोरण ठरवता येते. मात्र ते दिले नसेल तर वीज आल्यावर कंटेनर आपोआप सुरू होत नाही. ‘मुद्दाम थांबवला नसेल तर सुरू करावा’ असे धोरण नियोजकासाठी सोयीचे ठरते. डॉकरची सेवा स्वतः संगणकासोबत सुरू होते का, हेही तपासावे. खरी परीक्षा म्हणजे एकदा संगणकाचा पुरवठा नियोजनपूर्वक बंद करून व पुन्हा सुरू करून, कोणाच्याही मदतीविना सेवा परत उभी राहते का ते पाहणे.

सर्व्हर बंद असताना होऊन गेलेल्या वेळेचे काय? साधा क्रॉन चुकलेले काम पुन्हा करत नाही. एअरफ्लोमध्ये मागील कामे भरून काढण्याची सोय चालू किंवा बंद ठेवता येते. नियोजक हे स्वतःहून करील असे गृहीत धरू नये. कामाची आखणीच अशी असावी की ते ‘आजची नोंद आण’ असे न म्हणता ‘ज्या दिवसांच्या नोंदी नाहीत त्या सर्व आण’ असे म्हणेल. मग एक दिवस चुकला तरी दुसऱ्या दिवशी तो भरून निघतो.

मात्र सर्वच कामे भरून काढण्याजोगी नसतात. कालच्या पावसाची नोंद आज घेतली तरी उपयोगी असते; कालचा ‘आज फवारणी टाळावी’ हा संदेश आज पाठवला तर तो दिशाभूल करतो. म्हणून प्रत्येक कामासाठी त्याची वैधता किती तास आहे हे ठरवावे आणि ती उलटल्यास काम रद्द व्हावे.

याउलट अडचण पुनरावृत्तीची. एक काम लांबले आणि त्याची पुढची वेळ आली, तर दोन प्रती एकाच वेळी चालू शकतात. रनडेकमध्ये एकाच कामाच्या समांतर प्रती मूळ मांडणीत बंद असतात. ती मांडणी कारणाशिवाय बदलू नये. कामाला कमाल कालमर्यादाही द्यावी, अन्यथा उत्तर न देणाऱ्या दूरस्थ सर्व्हरची वाट पाहत ते दिवसभर अडून राहते. नवा सर्व्हर उभारताना जुना बंद करायचा राहून गेला, तर दोन्ही नियोजक तेच संदेश पाठवतात. म्हणून पाठवलेल्या प्रत्येक संदेशाची तारीख, पीक व शेतकरी-गट अशी नोंद दोघांनाही दिसेल अशा एकाच ठिकाणी ठेवावी, आणि पाठवण्यापूर्वी ती पाहावी. तेच काम दोनदा चालले तरी परिणाम एकदाच व्हावा, हा नियम संदेश आणि सिंचन या दोन्हींना लागू आहे.

चौथी काळजी : मूक अपयश

यंत्र बंद पडले तर आवाज थांबतो आणि लक्ष जाते. न सुरू झालेल्या कामाला मात्र कोणताही आवाज नसतो. संदेश आला नाही म्हणजे आज सल्ल्याची गरज नसेल, असे शेतकरी समजतो. तक्रार आली नाही म्हणजे सेवा सुरळीत आहे, असे केंद्र समजते. नियोजक सर्व्हरचा सर्वांत मोठा धोका हाच आहे.

काम संपताना शून्य हा संकेत देते, तेव्हा नियोजक ते यशस्वी मानतो. पण शून्य म्हणजे केवळ कार्यक्रम तक्रार न करता संपला. अपेक्षित परिणाम झाला असे नव्हे. दूरस्थ सर्व्हरने नोंदींऐवजी त्रुटीचे पान पाठवले तरी फाइल उतरवली जातेच. म्हणून तपासणीच्या टप्प्यात फाइलमधील तारीख आजची आहे का, ओळींची संख्या पुरेशी आहे का, किमान तापमान कमाल तापमानापेक्षा जास्त तर नाही ना, सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांच्या आत आहे का, हे पाहावे. यांपैकी काहीही चुकल्यास काम अयशस्वी घोषित व्हावे. चुकीच्या आकड्यावरील सल्ल्यापेक्षा थांबलेला सल्ला कमी हानिकारक असतो.

संदेशांच्या बाबतीतही असेच आहे. भारतात व्यावसायिक व सेवाविषयक लघुसंदेशांचे नमुने दूरसंचार नियमांनुसार आधी नोंदवावे लागतात. प्रत्यक्ष मजकूर नोंदवलेल्या नमुन्याशी जुळला नाही तर दूरसंचार कंपनी तो अडवू शकते. संदेश सेवेकडे सुपूर्द झाला इतकेच नियोजकाला दिसते. तो पोहोचला का, हे वितरण अहवालावरून कळते. म्हणून अहवाल तपासणारे स्वतंत्र काम तासाभराने ठेवावे. संदेश-यादीत केंद्रातील दोन कर्मचाऱ्यांचे क्रमांक असावेत, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

काम फसल्यास किंवा नेहमीच्या सरासरीपेक्षा जास्त वेळ घेतल्यास कळवण्याची सोय रनडेकमध्ये आहे, ती वापरावी. परंतु सर्व्हरच बंद पडला तर तो स्वतःची वार्ता कशी देणार? त्यासाठी उलटी व्यवस्था लागते. दररोज ठरावीक वेळेपर्यंत नियोजकाने दुसऱ्या, स्वतंत्र ठिकाणी ‘सर्व ठीक’ अशी खूण पाठवावी. खूण आली नाही तर त्या ठिकाणाहून इशारा निघावा. हा पहारेकरी त्याच संगणकावर ठेवू नये.

डिस्क भरणे हे आणखी एक मूक कारण. डॉकरच्या मूळ मांडणीत कंटेनरच्या नोंदवहीला आकाराची मर्यादा नसते. ती घालावी लागते. रनडेकमधील जुन्या कामांची हजेरीही ठरावीक काळानंतर काढून टाकण्याची सोय चालू करावी. कंटेनर १३७ या संकेताने थांबला असेल तर तो सक्तीने बंद केला गेला आहे, आणि त्याचे कारण बहुधा स्मृतीची मर्यादा ओलांडणे हे असते, हेही लक्षात ठेवावे.

पाचवी काळजी : सुरक्षितता

कार्य-नियोजकाकडे इतर संगणकांच्या किल्ल्या असतात. तो परक्या हाती गेला तर केंद्राच्या नावाने शेकडो शेतकऱ्यांना खोटा सल्ला जाऊ शकतो. पुढील पथ्ये म्हणूनच पाळावीत :

• रनडेकचे मूळ नाव व परवलीचा शब्द दोन्ही ‘अॅडमिन’ असतात. पहिल्याच दिवशी ते बदलावेत.
• परवलीचे शब्द इमेजमध्ये किंवा कामाच्या मजकुरात लिहू नयेत. नियोजकाच्या किल्ली-साठ्यात ठेवावेत व त्यावर कूटलेखन सुरू आहे याची खात्री करावी.
• सर्व्हरचे पान थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये. लिनक्सवरील यूएफडब्ल्यू या संरक्षक भिंतीचे नियम डॉकरने उघडलेल्या मार्गांना लागू पडतातच असे नाही. मार्ग स्थानिक पत्त्यापुरताच उघडावा.
• डॉकरच्या नियंत्रणाचा मार्ग कंटेनरला जोडून देऊ नये. तो दिला तर मूळ संगणकाचे जवळपास सर्व अधिकार त्याच्याकडे जातात.
• सल्ल्याचा मजकूर तज्ज्ञाच्या मंजुरीशिवाय पाठवला जाऊ नये. वेळ नियोजकाने पाळावी. निर्णय तज्ज्ञाचाच असावा.

प्रगतिशील शेतकरी ठिबक संचाच्या झडपा किंवा हरितगृहातील पंखे अशा सर्व्हरला जोडू लागले आहेत. तेथे एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. पाणी किती मिनिटे द्यावे हे सर्व्हरने सांगावे. परंतु ठरावीक कमाल वेळेनंतर झडप बंद करण्याचे काम शेतातील नियंत्रकाने, सर्व्हरच्या आज्ञेची वाट न पाहता करावे. ‘चालू’ ही आज्ञा पोहोचली आणि ‘बंद’ पोहोचण्यापूर्वी जोडणी तुटली, तर पीक पाण्याखाली जाऊ नये.

सुरुवात कशी करावी?

पहिल्या दिवशीच सर्व कामे नव्या सर्व्हरवर नेऊ नयेत. नोंदी गोळा करण्याचे एकच काम निवडून दोन आठवडे जुन्या पद्धतीच्या बरोबरीने चालवावे व दोन्हींचे आकडे रोज ताडून पाहावेत. ते जुळल्यावर तपासणी व गणिताची कामे जोडावीत. संदेश पाठवण्याचे काम शेवटी, आधी केवळ कर्मचाऱ्यांच्या क्रमांकांवर सुरू करावे. शेतकऱ्यांची यादी जोडण्यापूर्वी पुढील पाच प्रश्नांची उत्तरे प्रत्यक्ष करून मिळवावीत :

१. प्रत्येक कंटेनर भारतीय वेळ व तारीख दाखवतो का?
२. कंटेनर काढून नव्याने तयार केल्यावर वेळापत्रके व नोंदी जागेवर आहेत का?
३. वीज जाऊन आल्यावर सेवा आपोआप सुरू होते का, आणि कालबाह्य संदेश रोखले जातात का?
४. एक काम मुद्दाम फसवल्यास आणि सर्व्हर पूर्ण बंद केल्यास योग्य व्यक्तीला इशारा मिळतो का?
५. सुरक्षित प्रतीवरून दुसऱ्या संगणकावर सेवा उभी करता येते का?

या चाचण्यांचा दिनांक व निष्कर्ष एका वहीत लिहून ठेवावा आणि प्रत्येक हंगामापूर्वी त्या पुन्हा कराव्यात. ज्या व्यक्तीने सर्व्हर उभारला तिची बदली झाली तरी दुसऱ्याने ती वही वाचून सेवा चालू ठेवावी, इतकी ती स्पष्ट असावी. शेतकऱ्याला कंटेनर किंवा नियोजक यांच्याशी कर्तव्य नसते. सकाळी पंप भरण्यापूर्वी योग्य संदेश हाती यावा, एवढीच त्याची अपेक्षा असते, आणि ती दररोज पूर्ण झाली तरच त्या सल्ल्यावर त्याचा विश्वास बसतो.